अमर व्हायचा चान्स मिळाला तर घ्याल का?

वेलदोडा

मंडळी, विषय जरा जड आहे, ज्यांच्याकडे नुकतंच कोणी गेलंय आणि वाचायचा मूड नाहीये त्यांनी खुशाल पुढे सरका, राग नाही.

गेले काही महिने म्हातारपण थांबवण्याच्या संशोधनावर जे हाताला लागेल ते वाचतेय. गूगलने २०१३ मध्ये कॅलिको नावाची कंपनी काढली ती याच कामासाठी, बाकीचे अब्जाधीशही यात पैसे ओततायत. जेम्स बेडफर्ड नावाच्या एका अमेरिकन प्राध्यापकाचं शव तर १९६७ पासून द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवलंय, उणे १९६ डिग्रीला, का तर पुढेमागे औषध सापडलं की उठवू.

हे वाचायचं वेड कुठून लागलं तर जुलैत बाबा गेले. ८४ वय. भेटायला आलेला प्रत्येक जण एकच वाक्य घेऊन आला, सोनं झालं हो, पिकलं पान, हाल नाहीत काही नाहीत, अजून काय पाहिजे. मला अजून बाबा पाहिजे होते. पण हे बोलायची सोय नसते, ८४ वर्षांच्या माणसासाठी फार रडलं की लोकांना ते जरा अतीच वाटतं.

तर प्रश्न असा की उद्या गोळी निघाली आणि आपल्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळायला लागली तर घ्याल का? एकदा घेतली की परत फिरता येणार नाही, ही अट. गंभीर, टवाळ, सगळे प्रतिसाद चालतील.

भाऊगर्दी

टवाळपासून सुरुवात करतो म्हणजे बाकीच्यांना हायसं वाटेल.

गोळी भाडेकरूंनाही मिळणार का, हे आधी स्पष्ट करा. आमच्या नारायण पेठेतल्या वाड्याचा दावा आजोबांनी लावला, वडिलांनी चालवला, आता तारखांना मी जातो. समोरच्या पार्टीचीही तिसरी पिढी आहे, कोर्टाबाहेर आम्ही एकत्र चहा पितो. दोन्हीकडचे अमर झाले तर वकिलांची चंगळ, आणि न्यायाधीशही अमरच नेमावे लागतील. एक फायदा दिसतो, रिडेव्हलपमेंटचं पझेशन याचि देही बघायला मिळेल.

पेशीपुराण

हसून झालं असेल तर एक खरंखुरं अमर प्रकरण सांगते, आणि ते पुण्यातही आहे. विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे, सगळे एनसीसीएस म्हणतात. तिथे पेशींचं भांडार आहे, देशभरच्या लॅबना तिथून पेशी जातात. त्यातल्या एका जातीचं नाव हेला.

या पेशी हेन्रिएटा लॅक्स नावाच्या बाईंच्या. कृष्णवर्णीय, गरीब घरच्या, पाच मुलांची आई, गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. ४ ऑक्टोबर १९५१ ला बाल्टिमोरला वारल्या, वय फक्त ३१. गाठीचा तुकडा डॉक्टरांनी त्यांना न विचारताच घेतला होता, तो लॅबमध्ये वाढायला लागला आणि अजून थांबलेला नाही. पोलिओच्या लशीची चाचणी घ्यायला त्या पेशी वापरल्या, पुढे कशाकशाला वापरल्या याची तर गणतीच नाही. घरच्यांना वीसेक वर्षं पत्ताच नव्हता.

एमएस्सीनंतर एका लॅबमध्ये मी त्या सांभाळल्यात. सांभाळायच्या म्हणजे अक्षरशः खाऊपिऊ घालायचं. ३७ डिग्रीच्या इन्क्युबेटरमध्ये चपट्या बाटल्या, आत गुलाबी मीडियम, ते पिवळट पडायला लागलं की उपाशी आहेत असं समजायचं आणि बदलायचं. दिवाळीच्या सुट्टीत ते करायला कोण येणार यावरून आमची भांडणं व्हायची. बाई कधीच्या गेल्या, अर्ध्या लॅबला त्यांचं पूर्ण नावसुद्धा माहीत नसायचं, आणि ज्या गाठीने त्यांना मारलं ती मात्र अमर.

आपल्या साध्या पेशींचं तसं नसतं. लिओनार्ड हेफ्लिकने १९६१ मध्ये दाखवून दिलं की माणसाची साधी पेशी लॅबमध्ये साधारण ४० ते ६० वेळा विभागते आणि मग थांबते. गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर असतात, दर विभाजनाला ते थोडे थोडे झिजतात. या टेलोमिअरच्या कामाला २००९ चं नोबेल मिळालं. मग लोक म्हणतात, झीज थांबवा की. थांबवणारं एन्झाइम आहे ना, टेलोमरेज, पण कॅन्सरच्या बहुतेक पेशींनी ते आधीच चालू करून ठेवलेलं असतं. म्हणजे अमरपणाचं बटण शरीरात आहे, आणि ते चुकीच्या जागी दाबलं गेलं की आपण केमोला जातो. गोळीवाल्यांनी एवढं ध्यानात घ्यावं.

हिंजवडी_फेज_३

पेशीताई, माहिती एक नंबर, पण निष्कर्ष पटला नाही. आज जमत नाही आणि कधीच जमू नये, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत ना.

मी गोळी घेणार. सरळ सांगतो. मरण नैसर्गिक आहे म्हणून गप्प बसायचं तर १८९७ चा पुण्यातला प्लेगही नैसर्गिकच होता. सावित्रीबाई त्याच साथीत, रुग्णांची सेवा करता करता, १० मार्च १८९७ ला गेल्या. त्याच वर्षी जानेवारीत तिकडे मुंबईत हाफकिनने प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. तेव्हाही म्हणणारे असतीलच की देवाची करणी आहे, मध्ये पडू नका. देवीचा रोग १९८० मध्ये जगातून गेला, कोणाला त्याची आठवण येते का? स्वातंत्र्याच्या वेळी आपलं सरासरी आयुर्मान ३२ च्या आसपास होतं, आज ७० च्या आसपास आहे. जे जमत नाही त्याला तत्त्वज्ञान म्हणायचं आणि जमलं की लगेच लाइनीत उभं राहायचं ही आपली जुनी खोड आहे.

पेशीपुराण

@हिंजवडी, ३२ चे ७० झाले ते मुख्यतः तान्ही बाळं आणि बाळंतिणी वाचल्या म्हणून. तेव्हाही म्हातारे ८०-९० पर्यंत जगायचेच, कमी होते एवढंच. वरची रेघ फारशी हललेली नाही. नोंद नीट तपासलेलं सगळ्यात लांब आयुष्य फ्रान्सच्या जान काल्मां बाईंचं, १२२ वर्षं, त्या १९९७ ला गेल्या. तेव्हापासून कोणी तो आकडा ओलांडलेला नाही. सरासरी वाढवणं आणि मर्यादा हलवणं ही दोन वेगळी कामं आहेत.

इंद्रायणीकाठ

एवढं अमेरिका-फ्रान्स झालं, आमच्या आळंदीला कोणी विचारेना.

चांगदेव १४०० वर्षं जगले म्हणतात. (इतिहासाचा पुरावा मागू नका, कथा म्हणून घ्या.) मरणाची घटका आली की योगबळाने प्राण वर चढवून समाधी लावायची, काळ हात हलवत परत गेला की उतरायचं. असं दर १०० वर्षांनी. ज्ञानेश्वरांची कीर्ती कानावर आली म्हणून पत्र लिहायला बसले आणि मायन्यालाच अडले. आशीर्वाद लिहावा तर समोरचा ज्ञानाने मोठा, नमस्कार लिहावा तर वयाने पोरगेलासा. शेवटी कोराच कागद धाडला. तो बघून मुक्ताबाई म्हणाली, १४०० वर्षं जगून हा कोरा तो कोराच. ज्ञानेश्वरांनी उत्तरादाखल ६५ ओव्या पाठवल्या, मग वाघ, सापाचा चाबूक, भिंत, ते सगळ्यांना माहितीये. सांगायचं ते पुढचंच आहे, १४०० वर्षांच्या योग्याने गुरू केली ती त्या एवढ्याशा पोरीला.

आणि ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये समाधी घेतली ती २१ व्या वर्षी. कार्तिकात आळंदीला येऊन बघा, गर्दी कोणासाठी होते. मी तर गोळी घेणार नाही. घेऊन करू काय, आहे त्या आयुष्यातच रविवार दुपार सरत नाही.

हिंजवडी_फेज_३

काका, चांगदेव कोरे राहिले यात दोष १४०० वर्षांचा नाही हो, चांगदेवांचा आहे. मला द्या १४००, मी काहीतरी लिहून दाखवतो कागदावर :)

निशिगंध

बरेच दिवस इथे नुसतीच वाचते, आज लिहितेय.

इंद्रायणीकाठ, तुम्ही चांगदेवांचं सांगितलंत, पण समाधीचा दुसरा भाग राहिला. नामदेवांचे समाधीचे अभंग आहेत ना, त्यात निवृत्तिनाथांचा शोक आहे. ज्या भावाने ज्ञानेश्वरांना ज्ञान दिलं, आत्मा अमर आहे हे ज्याला आपल्यापेक्षा नक्कीच जास्त कळत होतं, तोच आवरेना. मला त्या अभंगांचा फार आधार वाटतो. ज्ञानेश्वरांचं झालं ते झालं, मागे राहिलेल्या निवृत्तिनाथांचं काय, हा माझा प्रश्न आहे.

माझा नवरा गेला तेव्हा ४६ वर्षांचा होता, हार्ट अटॅक, सकाळी पर्वती चढून येणारा माणूस. त्याचा फोन बंद करून कपाटात ठेवला. तेव्हा मला माहीत नव्हतं की व्हॉट्सअॅप चारेक महिने वापरलं नाही की ते अकाउंट आपोआप जातं. तर एका दुपारी सासरच्या ग्रुपवर, कोणीतरी टाकलेल्या संकष्टीच्या गणपतीच्या फोटोखाली, बारीक अक्षरात त्याचं नाव आणि पुढे "लेफ्ट". सासूबाईंनी मला फोन केला, अगं तो ग्रुपमधून का गेला? त्या ८० च्या आहेत. त्यांना दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध सगळं कळतं, त्या सगळ्याला त्या धीराने सामोऱ्या गेल्या. याला काय म्हणायचं हे ना त्यांना कळलं ना मला.

मग भाच्याने एक प्रयोग केला. तो कॉम्प्युटरवाला आहे, त्याने सगळ्या व्हॉइस नोट्स गोळा करून मामाच्या आवाजात बोलणारा बॉट बनवला. हेतू चांगलाच होता हो. आवाज हुबेहूब. मी म्हटलं, आज फार दमले. तर बॉट म्हणाला, तू किती करतेस सगळ्यांसाठी, स्वतःची काळजी घे. इतका समजूतदार तो जिवंतपणी एकदाही नव्हता! तो म्हणाला असता, मग झोप की, आणि गॅस बंद केलायस का बघ. मी भाच्याला म्हटलं, डिलीट कर बाबा, हा कोणी दुसराच आहे.

वेलदोडा, तुझ्या गोळीचं उत्तर. मला एकटीला मिळणार असेल तर नको, फुकट दिली तरी नको. त्याला देता आली असती तर कर्ज काढून आणली असती, आणि त्याने नको म्हटलं असतं तरी आमटीत घालून दिली असती.

वेलदोडा

निशिगंधताई, मी धाग्यात लिहिताना हेच डोक्यात होतं पण शब्दात आलं नाही. मी एवढं वाचलं त्यात एकदाही स्वतःसाठी गोळी शोधत नव्हते. मला ती बाबांसाठी हवी होती, आणि आता आईसाठी हवीये. आई म्हणते, मला कशाला अडकवून ठेवता.

तर्कट

बॉटवरून आठवलं, आपल्याकडचा जुना बॉट म्हणजे कावळा.

मी नास्तिक. वडिलांचे विधी करायचे नाहीत असं माझं मत, पण आईचं मत वेगळं होतं आणि अशा वेळी आईचंच मत चालतं. दहाव्याला ओंकारेश्वराच्या घाटावर गेलो. पिंड ठेवला, सगळे लांब उभे. कावळे समोरच्या झाडावर आहेत, खाली यायला तयार नाहीत. मग सुरू झालं. अण्णा, आईला सांभाळू. अण्णा, तुमच्या पुस्तकांना वाळवी लागू देणार नाही. अण्णा, नातीचं शिक्षण पूर्ण करू. कावळा ढिम्म. माझ्या दोन काकांचा गावच्या जमिनीवरून वर्षानुवर्षं अबोला, तर शेवटी आत्याने थोरल्या काकांना कोपराने ढोसलं आणि काका चारचौघांत मोठ्यांदा म्हणाले, अण्णा, जमिनीचं मी मिटवतो, वाटणी करून टाकतो. बायका रडायला लागल्या, धाकट्या काकांनी डोळे पुसले.

तरीही कावळा आला नाही. गुरुजींना पुढचे लोक थांबलेले, त्यांनी घड्याळ बघितलं, दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. झालं.

पुढच्या महिन्यात धाकट्या काकांनी वाटणीचा विषय काढला. थोरले म्हणतात कसे, कावळा शिवलाच नव्हता, दर्भाचा होता, ते धरायचं नसतं.

मला अजून हसू येतं, पण एक सांगतो. त्या घाटावर उभं राहून आमच्या घरातल्या माणसांनी आपल्याला काय काय टोचतंय ते दहा मिनिटं मोठ्यांदा सांगितलं. एरवी आमच्याकडे भावना व्यक्त करायची पद्धत म्हणजे पेपर थोडा जास्त जोरात उलटणे. कावळ्यावर माझा विश्वास आजही नाही. पण असं सगळ्यांना एका जागी उभं करून बोलतं करायची दुसरी सोय विवेकवाद्यांनी अजून काढलेली नाही, ही आमची उणीव आहे असं माझं प्रामाणिक मत.

भाऊगर्दी

दर्भाचा कावळा धरायचा नसतो =)) तुमच्या काकांना आमच्या दाव्यात वकील म्हणून पाठवा.

मनमोकळं

समुपदेशनाचं काम करते म्हणून थोडी भर. दुःखाच्या पाच पायऱ्या असतात, नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार, असं हल्ली सगळ्यांना पाठ असतं. माझ्याकडे येणारे लोक विचारतात, मॅडम मला अजून राग आला नाही, माझं काही चुकतंय का? एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस या डॉक्टर बाईंनी हे १९६९ मध्ये मांडलं ते मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून, मागे राहिलेल्यांवरून नाही. नंतर ते सगळ्यांना सरसकट चिकटवलं गेलं. पायऱ्याबियऱ्या नसतात, कोणाला आधी राग येतो, कोणाला येतच नाही, कोणाला वर्षाने भाजीवाल्याकडे पडवळ बघून रडू फुटतं.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानाच्या यादीत २०२२ मध्ये लांबलेलं दुःख हा आजार म्हणून आला. मोठ्या माणसांत किमान वर्ष उलटलेलं हवं, आणि रोजचं जगणंच ठप्प झालेलं हवं. त्यावर खूप वादही झाला. पण मला गंमत वाटते की आपल्याकडेही वर्षभर सण नाही, वर्षश्राद्ध झालं की घराने पुन्हा सुरुवात करायची असंच आहे. आमच्या ऑफिसात मात्र रजा ३ दिवस. चौथ्या दिवशी लॉगिन.

वेलदोडा, ८४ असो नाहीतर १०४, रडायला वयाची अट नाही. "सोनं झालं" हे म्हणणाऱ्याच्या सोयीचं वाक्य आहे.

रात्रपाळी

मी आयसीयूत ब्रदर आहे. गोळीवाल्या मंडळींना एक विनंती आहे, आधी आमच्याकडे एक रात्र येऊन बसा.

जास्त जगणं आणि मरण लांबवणं यात फरक असतो आणि तो आमच्या वॉर्डात रोज दिसतो. तीन मुलं, दोन बाहेर बाकड्यावर, एक परदेशात, तिघांचं तीन मत, परदेशातला फोनवर सांगतो "सगळं करा". आत म्हाताऱ्या माणसाच्या दोन्ही हातांना सुया, नळ्या, बोटाला क्लिप, हातात हात घ्यायला जागाच नसते. मग नातेवाईक पाय धरून बसतात. पाच मिनिटं भेटायला सोडलं की बहुतेक जण तेच करतात, चादर थोडी सरकवून पाऊल हातात घेतात. मोजे घालून ठेवलेले असतील तर काढतात. आम्ही काही म्हणत नाही.

माहितीसाठी, मुंबईच्या नर्स अरुणा शानबाग हल्ल्यानंतर ४२ वर्षं अर्धवट शुद्धीच्या अवस्थेत होत्या, २०१५ ला गेल्या. त्यांच्या प्रकरणात २०११ ला सुप्रीम कोर्टाने पहिल्यांदा उपचार थांबवायला अटी घालून परवानगीची वाट काढली, मग ९ मार्च २०१८ च्या निकालाने आपण आधीच लिहून ठेवू शकतो की माझं बरं होण्याची आशाच नसेल तर मला मशीनवर ठेवू नका. जानेवारी २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली, आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर दोन साक्षीदार घेऊन होतं, मॅजिस्ट्रेट लागत नाही. लोकांनी फ्लॅटचं मृत्युपत्र केलेलं असतं, हे केलेलं नसतं. आणि मग ते मुलगे माझ्याकडे बघतात, जणू मीच काय ते ठरवणार आहे.

पर्वतीचे_पेन्शनर

वय वर्षे ८१. टाइप करायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

दर नोव्हेंबरला मला हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी बँकेत जाऊन साहेबासमोर उभं राहावं लागायचं, आता नात मोबाइलवर चेहरा स्कॅन करून देते. मागच्या खेपेला तीनदा "चेहरा जुळत नाही" असं आलं. मी म्हटलं, बरोबर आहे त्याचं, मलाही आरशात तसंच वाटतं. पुढे जाऊन गोळी घेतली तर पेन्शन खातं मलाच मारायला माणूस पाठवेल.

हिंजवडीचा मुलगा म्हणतो ते मला पटतं बरं का. त्याच्या वयात मीही तेच म्हटलं असतं. पण या वयाला आल्यावर अडचण वेगळीच कळते, ती कोणी सांगत नाही. माझं घरचं नाव बाळ्या. आई, वडील, थोरली बहीण, गल्लीतले मित्र, सगळे बाळ्याच म्हणायचे. सकाळी तळजाईला आमचा दहा-बारा जणांचा ग्रुप असायचा, त्यात शाळेपासूनचा एकच उरला होता, तो गेल्या पावसाळ्यात गेला. आता जगात मला "अरे बाळ्या" म्हणणारं कोणी शिल्लक नाही. सगळे अहो काका, अहो आजोबा. मान देतात, तक्रार काही नाही. पण ज्याला अरे म्हणायचे तो माणूस मित्राबरोबरच गेला, मी अजून हयात असलो तरी.

लहानपणी अभ्यंगाला बसलं की आई आधी अश्वत्थाम्याच्या नावाने तेलाचे थेंब जमिनीवर शिंपडायची. तो कपाळावरच्या जखमेला तेल मागत नर्मदाकाठी हिंडतो म्हणतात. सात चिरंजीवांत बाकीच्यांचं ठीक आहे, याला मात्र ते शाप म्हणून मिळालं. तेव्हा वाटायचं शाप जखमेचा आहे. आता वाटतं, जखम राहू दे, त्याला नावाने हाक मारणारं तरी कोण उरलं असेल?

तेव्हा गोळी नको. पण उद्याच जायची घाईही नाही, सवाईची तिकिटं काढायची आहेत.

हिंजवडी_फेज_३

काका, मी म्हणू का अरे बाळ्या?

पर्वतीचे_पेन्शनर

म्हणून बघ. काठी आहे माझ्याकडे.

हिंजवडी_फेज_३

:D बरं, नाही म्हणत. पण तुमचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे हे लक्षात आणून देतो. एकट्याने अमर होण्यात अडचण आहे, मान्य. मग तुमचा मित्रही हवा, बहीणही हवी, निशिगंधताईंचा नवराही हवा. म्हणजे गोळी कमी लोकांना मिळणार असेल तर तो शाप. माझी मागणी सगळ्यांना द्या अशी आहे.

भाऊगर्दी

सगळ्यांना दिली तर पुण्यात राहायला जागा कुठे? आत्ताच पार्किंग मिळत नाही.

इंद्रायणीकाठ

आणि सगळ्यांना दिली तरी सगळे एकाच वयाला नाही थांबणार. निशिगंधताई, तुमच्या भाच्याला हा प्रश्न विचारा. ज्यांचं मूल लहानपणी गेलंय त्यांनी काय करायचं, त्यांची गोळी तर मागच्या तारखेची हवी.

निशिगंध

हो. माझ्या आजीचं एक मूल दीड वर्षाचं असताना गेलं होतं. मरेपर्यंत ती मुलं मोजताना पाच सांगायची, आम्हाला आई धरून चारच माहीत. कोणी दुरुस्त केलं की म्हणायची, तुम्ही चार मोजा, मी पाच मोजते.

तर्कट

@पेन्शनर काका, तुम्ही वर लिहिलं नाहीत पण मागे एका धाग्यात देहदानाबद्दल विचारलं होतंत, त्याचं झालं का?

पर्वतीचे_पेन्शनर

फॉर्म आणलाय, ड्रॉवरमध्ये आहे. सही केलेली नाही. डोळ्यांचंही करायचं आहे, पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, शुगर आहे, चालतात का असले डोळे?

पेशीपुराण

चालतात काका. नेत्रदानात बुबुळाचा पुढचा पारदर्शक पडदा, कॉर्निया, लागतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन, चष्मा, मधुमेह, वय, काहीही आड येत नाही. सहा तासांच्या आत काढावे लागतात, म्हणून घरच्यांनी लगेच नेत्रपेढीला फोन करायचा. तोवर पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, डोक्याखाली उशी द्यायची. दोन डोळ्यांतून दोघांना दृष्टी मिळू शकते. नेत्रदान करून मग देहदानही करता येतं, ससूनला बी.जे. मेडिकलच्या शरीररचना विभागात त्याची माहिती मिळते. पोस्टमॉर्टेम झालेला देह घेत नाहीत, काही संसर्ग असले तरी घेत नाहीत, म्हणून घरच्यांनी दुसरी तयारी मनात ठेवायची.

मात्र एक लक्षात घ्या. फॉर्म भरला म्हणजे झालं असं नसतं. तुम्ही गेल्यावर फोन करायचा तो मागे राहिलेल्यांनी. त्यांनी नाही म्हटलं तर फॉर्म ड्रॉवरमध्येच राहतो, मेडिकल कॉलेजवाले काही घरी येऊन भांडत नाहीत. काकूंना माहितीये का?

रात्रपाळी

+१. हे अगदी खरं. रडारडीत फॉर्म कुठे ठेवलाय तेच कोणाला आठवत नाही. फ्रिजवर नंबर लावून ठेवा. आणि ते मशीनवर ठेवू नका-वालंही त्याच बैठकीत उरकून घ्या.

पर्वतीचे_पेन्शनर

हिला अजून सांगितलेलं नाही. तिचं म्हणणं सगळं रीतसर व्हावं, वैकुंठ स्मशानात न्यावं, दहावा ओंकारेश्वरावर. तर्कटरावांच्या काकांसारखं काही मिटवायचंही नाहीये आमच्यात, तरी तिला ते हवंय.

निशिगंध

काका, मग तिचंही ऐकाच. तुमचे डोळे द्या आणि बाकीचं तिच्या मनासारखं होऊ द्या. गेल्यावर तुम्हाला काय फरक पडणार, तिला पडणार आहे.

पर्वतीचे_पेन्शनर

विचार करतो. म्हणजे विचारायलाच लागणार असं दिसतंय. आज नको, दुपारी तोंडल्यांवरून वाजलंय, मी जून आणली म्हणून. उद्या सकाळच्या चहानंतर काढतो विषय.